रसाळ–सुमार–महिपत: खेडहून निघताना चुकतं कुठे आणि नीट जायचं कसं

हिवाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या एसटी स्टँडवर सकाळी साडेनऊच्या सुमारास पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेली पोरं दिसतात. वडापाव खाऊन झालेला असतो, पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्या बाजूच्या कप्प्यात खोचलेल्या असतात. "काका, रसाळगडाला जायला गाडी कुठून?" असं त्यांनी विचारलं की मला त्यांची संध्याकाळ दिसायला लागते. अकरा वाजता चढाई सुरू होणार, दोन वाजता पाणी संपणार आणि पाचला रानात अंधारायला लागलं की बॅटरी कोणाच्या सॅकेत आहे यावर वाद होणार.

जगबुडी नदीच्या काठावरच्या खेडहून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीच्या मुख्य भिंतीच्या अलीकडे एक समांतर डोंगररांग दिसते. तिच्या दक्षिण टोकाला रसाळगड, मधे सुमारगड आणि उत्तरेला सगळ्यांत उंच महिपतगड. तिन्ही जोडणारी वाट दाट रानातून जाते. ती अवघड म्हणण्यापेक्षा फसवी आहे, आणि फसण्याची तयारी बहुतेक मंडळी आदल्या संध्याकाळीच करून ठेवतात. म्हणून लेखाचा निम्मा भाग पहिलं पाऊल टाकण्याआधीचा आहे.

१. तारीख ठरवणे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा.

पावसाळ्यात ही पूर्ण रांग करू नका. एकट्या रसाळगडावर जाऊन या, धुकं बघा, परत फिरा. पण पुढच्या रानात ओढे तासाभरात चढतात, दरडीची भीती असते आणि शेवाळलेल्या कातळावर बूट टिकत नाही. जुलै 2021 च्या पावसात याच तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळून माणसं गेली. इथला डोंगर पाणी प्यायला की कसा वागतो हे गावकऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. ते "नको" म्हणाले तर वाद घालू नका.

ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं असतं आणि त्याखाली वाट दिसत नाही. फेब्रुवारी संपता संपता पाणवठे आटायला लागतात, वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. तारीख ठरवताना गावचं पंचांगही बघा. शिमग्यात पालखी गावात फिरत असते, तेव्हा वाटाड्या मिळणार नाही आणि मिळालाच तर त्याचं मन पालखीत असेल. भातकापणीच्या ऐन घाईतही तेच.

२. वेळापत्रक: दोन रात्री, तीन दिवस

"शनिवार-रविवारात तिन्ही गड" हा बेत ज्यांचे पाय रानात मुरलेत त्यांनी करावा. बाकीच्यांसाठी हा क्रम:

पहिला दिवस: दुपारपर्यंत खेडहून निमणीकडून रसाळवाडी. रसाळगड चढून, पाहून, मुक्काम.
दुसरा दिवस: पहाटे निघून सुमारगड, तिथून महिपतच्या पायथ्याची बेलदारवाडी. मुक्काम वाडीत.
तिसरा दिवस: सकाळी महिपतगड पाहून दहिवलीला उतरायचं.

उलटा क्रम लावणारेही भेटतात. "महिपत उंच आहे, पहिल्याच दिवशी उरकू." मला हा विचार पटत नाही. रसाळगडाला गाडीरस्ता जवळ आहे. पहिल्या दिवशी कोणाचा गुडघा कुरकुरला, कोणाला ताप भरला, तर तिथून त्याला घरी पाठवता येतं. सुमारच्या रानात तो पर्याय नाही. शिवाय सगळ्यांत लांब पल्ल्यानंतर समोर वस्ती यावी, रान नको.

तपासून घ्या: दुसऱ्या दिवसाच्या चालीला थांबे धरून नऊ ते दहा तास लागतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत सव्वापाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं. मागे मोजत जा. पाचला वाडीत पोचायचं तर सातला निघून हाताशी जादा वेळ काहीच उरत नाही.

३. वाटाड्या: कोणाला आणि काय विचारायचं

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

पूर्वी या रानातल्या वाटा गुरं आणि गुराखी मळत ठेवायचे. आता वाड्यांमधली तरुण माणसं मुंबईला आणि लोट्याच्या कारखान्यांत. गुरं कमी झाली, तशा ढोरवाटाही बुजत चालल्या. पाच वर्षांपूर्वी कोणीतरी मोबाईलवर नोंदवलेला मार्ग आज कारवीच्या दाटीत जाऊन संपतो. मोबाईलवरचा नकाशा सोबत असू द्या, दिशा कळायला तो उपयोगी आहे. पण त्यावरची रेघ म्हणजे वाट नव्हे.

म्हणून रसाळगड ते बेलदारवाडी या टप्प्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याला विचारायचं कसं, त्यातही एक खुबी आहे. "सुमारगडाची वाट माहीत आहे का?" असं विचारलं तर वाडीतला प्रत्येक जण हो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. लहानपणी तो तिथे गुरं घेऊन गेलेला असतो. विचारा असं: "दादा, या पावसाळ्यानंतर तिकडून गेलात का? शेवटचं कधी?" उत्तर "दिवाळीनंतर गेलो होतो" असं आलं तर तो तुमचा माणूस. "पूर्वी लै जायचो" असं आलं तर त्यांच्याकडे चहा प्या आणि आणखी एका घरी विचारा.

पैशांचं बोलणं आदल्या रात्रीच पक्कं करा. तो तुम्हाला बेलदारवाडीत सोडणार, त्याला मात्र त्याच रानातून घरी परतायचं आहे, तेही दुसऱ्या दिवशी. म्हणजे त्याचे दोन दिवस मोडतात. पैसे दोन दिवसांचे द्यायचे, जेवण आणि पाणी आपल्यासोबत त्याचंही धरायचं. एका दिवसाच्या पैशात ठरवलेला वाटाड्या दुपारी बारा वाजता "आता इथनं सरळच हाय" म्हणून मागे फिरला, तर दोष त्याचा नाही.

४. पाण्याचा आणि सामानाचा हिशोब

दुसऱ्या दिवसासाठी माणशी किमान चार लिटर पाणी. पाच असलं तर उत्तम. आकडा ऐकून लोक हसतात. देशावरच्या डोंगरांत दोन-अडीच लिटरवर निभावलेलं असतं. पण कोकणात हवा दमट, घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट उतारावर येतं. जानेवारीतही.

नुसतं पाणी ढोसून भागत नाही, कारण घामातून मीठही जातं. दुकानातली पावडर नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ करा. मी त्याशिवाय कोकमाच्या आगळाची छोटी बाटली नेतो. तीन वाजता, तोंडाची चव गेलेली असताना, आगळ-मीठ-गुळाचं पाणी जे काम करतं ते कुठलंही रंगीत पेय करत नाही.

सामानाची यादी सगळ्यांना पाठ असते, म्हणून फक्त विसरलं जातं ते सांगतो:

- प्रत्येकाची स्वतःची बॅटरी, डोक्याला लावायची. गटात दोन असणं म्हणजे नसल्यासारखंच.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट. हाफ पँटवर आलेल्यांचे पाय करवंदाच्या जाळ्या ओळखून घेतात.
- चिकटपट्टीचं एक रीळ. बुटाचा तळ निघाला तर लागतंच, पण खरी गरज खाजकुइलीसाठी. डिसेंबरनंतर तिच्या शेंगा वाळतात आणि केसाळ कुसं अंगावर पडतात. चोळलं की मेलात. चिकटपट्टी लावून उचलायची, पुन्हा लावायची, मगच भरपूर पाण्याने धुवायचं. कपड्यावर कुसं असतील तर ते कपडे वेगळ्या पिशवीत.
- तीस मीटरचा चांगला दोर, तो वापरता येणारा माणूस असेल तरच. नाहीतर ते नुसतं ओझं.
- अत्तर, सुगंधी फवारे घरी ठेवा. कारण पुढे येईल.

खेड सोडण्याआधी: गटातला नसलेल्या एका माणसाला तुमचा मार्ग, मुक्काम, वाटाड्याचं गाव आणि "तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर" असं लेखी पाठवा. रानात बराच वेळ रेंज नसते. ही चिठ्ठी पाठवली नसेल तर भरणे नाक्याच्या पुढे जाऊ नका.

५. पहिला दिवस: रसाळगड

मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने आलात तर खेडला पहाटे उतरता. तिथून थेट डोंगराकडे धावू नका. जेवण, थोडी झोप, बाजारातली खरेदी उरका आणि निमणीकडची एसटी किंवा रिक्षा पकडा. एसटीच्या वेळा आदल्या दिवशी स्टँडवर विचारलेल्याच खऱ्या.

रसाळगडाची चढाई सोपी. वर झोलाई-वाघजाई देवीचं मंदिर आहे, पाण्याचं तळं आहे, गडभर तोफा विखुरल्या आहेत. मंदिरात मुक्काम करायचा तर आधी खाली वाडीत विचारायचं. ते गावाचं देवस्थान आहे, धर्मशाळा नव्हे. चपला बाहेर, मांस-मद्य नाही, सकाळी झाडून निघायचं. एका गटाने गाभाऱ्यासमोर चूल मांडली होती. त्यानंतरच्या सगळ्यांना वाडीतून दोन महिने कडवट उत्तरं मिळत होती.

उजेड असताना एक काम करा. गडाच्या उत्तर कडेला उभं राहून पुढची रांग नीट पाहा. सुमारगडाचा कातळमाथा आणि त्यामागे महिपतचा रुंद पसारा ओळखून ठेवा. उद्या तुम्ही उत्तरेकडे चालणार आहात. सह्याद्रीची मुख्य भिंत सबंध दिवस उजव्या हाताला आणि खेडकडचा सखल मुलूख डाव्या हाताला राहिला पाहिजे. मधल्या कोणत्याही क्षणी हे उलटं झालं, तर काहीतरी चुकलंय.

रात्री पाणी उकळून किंवा गाळून-औषध घालून भरून ठेवा. सकाळी अंधारात हे काम कोणी करत नाही.

६. दुसरा दिवस, पहिला अर्धा: रसाळ ते सुमार

साडेपाचला चहा, सहाला पाऊल बाहेर. हा टप्पा चार ते पाच तासांचा. सुरुवातीला उतार, मग रान, वाटेत धनगरवाडा, पुन्हा रान. धनगरवाड्यात रिकाम्या बाटल्या भरून घेता येतात. पण उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत त्यांचंच पाणी दुरून आणलेलं असतं, तेव्हा विचारून आणि हात राखून.

रानातला नियम एकच: पऱ्याने, म्हणजे ओढ्याच्या पात्राने, खाली उतरायचं नाही. वाट हरवली की समोर कोरडा पऱ्या दिसतो. मोकळा, झाडी नसलेला, अगदी वाटेसारखा. "पाण्याच्या वाटेने गेलं की गाव लागतंच" हे शहाणपणही कोणीतरी ऐकवतो. सह्याद्रीत पाण्याच्या वाटेवर गावाआधी कोरडा धबधबा लागतो. वीस-तीस फुटांचा कातळ उतरून बसलात की पुढचा त्याहून मोठा, आणि आता मागेही चढता येत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना यात अडकलो होतो. रात्र एका दगडावर काढली आणि घरच्यांचं बोलणं त्याहून जास्त दिवस ऐकलं.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर:

(अ) सगळे जागेवर थांबा. कोणी "जरा पुढे बघून येतो" म्हणत सुटायचं नाही.
(आ) खात्रीची वाट शेवटची कुठे होती ते आठवून तिथवर मागे या.
(इ) मागेही सापडेना, तर डोंगराच्या सोंडेच्या वरच्या अंगाला सरकून दिशा घ्या. भिंत उजवीकडे आहे ना, बघा.
(ई) अर्ध्या तासात उलगडा झाला नाही, तर आलात त्याच वाटेने परत रसाळवाडीला.

थांबा: साडेअकरापर्यंत सुमारगडाच्या पायथ्याला पोचला नसाल तर गडावर चढू नका. खालून वळसा घालून पुढे चला. गड तिथेच राहणार आहे.

सुमारगडाचा शेवटचा टप्पा कातळाचा आहे आणि एका बाजूला दरी. सॅक खाली ठेवायच्या, एक माणूस त्यांच्यापाशी (माकडं जेवण पळवतात). एका वेळी एकानेच चढायचं, खालच्याने वरच्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. आधाराला शिडी, साखळी, दोर असं जे काही दिसेल ते आधी ओढून, हलवून बघा. पावसाने आणि गंजाने वरून धड दिसणारी वस्तू आतून गेलेली असते. ज्याला भीती वाटते त्याला चढवू नका. वर चढवणं एकवेळ जमतं, उतरवताना त्याचे हातपाय थरथरायला लागले की सगळा गट लटकतो.

वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि महादेवाची पिंड असलेली गुहा. अर्धा तास पुरतो.

आता ते अत्तराचं. सह्याद्रीच्या कातळकड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. कड्याखाली सिगारेट नाही, शेकोटी नाही, घोषणा नाहीत. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड-मान कपड्याने झाकून दाट झाडीकडे निघून जा. पण कातळावर असाल तर पळू नका, कारण डंखापेक्षा दरी वाईट. नंतर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. श्वासाला त्रास झाला, ओठ-जीभ सुजली, तर तो माणूस ताबडतोब दवाखान्यात.

७. दुसरा दिवस, दुसरा अर्धा: सुमार ते बेलदारवाडी

जेवून साडेबाराला निघा. पोट भरलेलं, ऊन डोक्यावर, अवघड गड झाल्याचं समाधान. पाय नेमका अशाच वेळी मुरगळतो. हा पट्टाही चार तास खातो. घसाऱ्यावर टाच रोवून, दोघांत अंतर ठेवून उतरा.

साप. कोकणात फुरसं भरपूर. बोटभर जाडीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली आणि पाचोळ्यात बसणारं. दगडावर बसण्याआधी काठीने ठोका, हात जिथे दिसत नाही तिथे घालू नका. दंश झालाच तर:

करायचं: माणसाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ काढा, दंशाचा हात किंवा पाय काठीचा आधार देऊन न हलणारा करा, त्याला चालवू नका, उचलून न्या.
करायचं नाही: आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, मांत्रिक, आणि सापाला मारून पुरावा नेणं.

सरकारी रुग्णालयात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवू नका. रस्त्याला लागताच 108 ला फोन. तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय महामार्गालगत कळंबणीला आहे.

गवे आणि अस्वलं या बाजूच्या रानात असतात, पण दिवसा गप्पा मारत चालणाऱ्या माणसांना ती टाळतात. एकटा गवा वाटेत उभा असेल तर त्याच्या जाण्याची वाट बघा. फोटोसाठी जवळ जाणाऱ्याला गटातून वजा करा.

पाचच्या आत बेलदारवाडी. इथे उत्साही मंडळी म्हणतात, "अजून तासाभराचीच चढण आहे, मुक्काम वरच करू." करू नका. महिपतचा माथा प्रचंड पसरलेला आहे आणि त्यावर दाट रान माजलंय. अंधारात पारेश्वराचं मंदिर शोधताना गडावरच वाट हरवलेले लोक मी पाहिलेत. वाडीत एखाद्या घरी पडवीत झोपायची परवानगी मागा, भाकरी-पिठल्याचे पैसे आजींच्या हातात द्या. त्या नको म्हणतील, तरी द्या.

शेकोटीचं: राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वाळक्या गवतात एक ठिणगी पुरते. वाडीतल्या चुलीपाशी बसा, गोष्टीही तिथेच चांगल्या ऐकायला मिळतात.

८. तिसरा दिवस: महिपत आणि दहिवली

सकाळी सातला जड सॅक वाडीत ठेवून वर जा. वर पारेश्वराचं मंदिर, दरवाजांचे अवशेष, झाडीत लपलेली जोती. रान दाट असल्याने मंदिरापासून फार आत शिरायचं असेल तर वाडीतला माणूस सोबत घ्या. परतताना खुणेसाठी झाडाला रिबिनी बांधल्यात तर त्या सोडून आणा. दगडांवर रंगाचे बाण काढू नका.

दहापर्यंत वाडीत परत, दुपारपर्यंत दहिवली. उतरताना गुडघे बोलायला लागतात. तेव्हा थांबे वाढवा, वेग नको. दहिवलीहून खेडला परतायची गाडी आदल्या दिवशीच ठरवलेली असली पाहिजे. एसटी चुकली तर पुढची फार उशिराची असू शकते. वाहनवाल्याला वेळ सांगताना एक तास पुढची सांगा.

गाडीत बसण्याआधी तीन गोष्टी. माणसं मोजा. काखा, कंबर, गुडघ्यांच्या मागची बाजू गोचिडांसाठी तपासा, सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. आणि रेंज आली की ज्याच्याकडे चिठ्ठी दिली होती त्याला सगळ्यांत आधी फोन करा. फोटो नंतर टाका.